कोलू पाठीवर मारत नसे

कोलू मडावी कोणालाच आवडत नसे, आणि त्यालाही कोणी आवडत नसे. अहेरीच्या बाजारात तो आला की लोक वाट सोडत. सागाचे ओंडके गाडीवर चढवून खांदे दगड झालेले, जीभ त्याहून कडक. मी लटारू, लाकडाच्या डेपोत त्याच्यासोबत राबणारा. माझ्याशीही तो धड बोलत नसे. त्याचा जीव फक्त कोंबडबाजारात. कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून झुंज लावायची, आणि ज्यानं पाठ दाखवली तो हरला. त्याच्यावर पुन्हा कोंबडा सोडायचा नाही. कोणी सोडलाच, तर अख्खं गाव त्याच्यावर थुंकतं.

बावन्न सालच्या हिवाळ्यात चांद्याला तंबू लागला. देशोदेशीचे ठोसेबाज येणार, हरला तो बाद, शेवटी उरेल तो विजेता. इराणचा, ब्रह्मदेशाचा, सिलोनचा, असे एकेक गडी. एका जागी इथला माणूस हवा होता. आमचा ठेकेदार गुणवंतराव म्हणजे घाम दुसऱ्याचा आणि हार स्वतःच्या गळ्यात, अशा जातीचा. त्यानं कोलूला उभं करायचं ठरवलं.

कोलूनं पैसे मागितले नाहीत. त्याच्या गावाला लागून मोहाची झाडं होती. त्यांच्या वाळवलेल्या फुलांवर त्याची बायको सुकरी पावसाळा काढायची. त्या झाडांवर ठेकेदाराच्या हातोड्याची खूण पडली होती, म्हणजे ती तुटणार होती.

"जितलो त मोहाले कुऱ्हाड नाई लावाची, शेठ," कोलू म्हणाला.

गुणवंतरावानं चारचौघांत हो म्हटलं. हो म्हणायला त्याचं काय जात होतं?

कोलूला शिकवलं काय, तर घंटा वाजली की मारायचं. बस. इराणवाला आणि ब्रह्मदेशवाला दोघंही दुसरी घंटा वाजायच्या आत आडवे झाले, त्यामुळे पुढचे नियम सांगायची कोणाला गरजच वाटली नाही. सकाळी त्याला जंगली म्हणणारे चांद्याचे शहाणे संध्याकाळी खांद्यावर घ्यायला धावले. कोलूनं एकाला कोपर हाणलं. मला फार बरं वाटलं.

शेवटची लढत सिलोनवाल्याशी होती. हा गडी चपळ. कोलूची भुवई फुटली, त्याचा ओठ फुटला, पण दोघंही पडेनात. मग घंटा वाजली. सिलोनवाल्यानं हात खाली घेतले, तो वळला आणि आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलाकडे चालू लागला. कोलू क्षणभर बघत राहिला. मग त्यानं दातांनी नाड्या सोडून हातमोजे फेकले, दोऱ्यांतून बाहेर आला आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

पंच धावत आला. ही नुसती विश्रांती आहे, पुन्हा लढायचं आहे, हे मी कोलूच्या डोक्यात तीनतीनदा घातलं.

"समजलं मले," तो म्हणाला. "पर त्यानं पाठ दाखवली. आता त्याले काऊन मारू? मी का नीच हावो?"

"अबे, तुया मोह जाईन ना!"

"जितलो ना मी," म्हणून तो रक्त पुसत बसला. त्या वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पंचानं सिलोनवाल्याचा हात वर केला आणि आमच्यावर चपला पडू लागल्या.

आठवडाही उलटला नाही, तोच गुणवंतराव कुऱ्हाडीवाले घेऊन गावात आला. तोडणारे मुद्दाम सुकरीच्या माहेरचे आणले होते. पोटासाठी आलेल्या आपल्याच माणसांवर कोलू हात टाकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी कोलू मुठी आवळून थेट त्याच्यासमोर उभा राहिला, तेव्हा तो टरकला. मग त्या हलकटाला तंबूत कोलू काय म्हणाला होता ते आठवलं. तो हसला, गर्रकन वळला आणि कोलूकडे पाठ करून उभा राहिला.

"चालवा रे कुऱ्हाडी."

"मार ना त्याले!" सुकरी ओरडली. "हात काऊन थांबला?"

"पाठ हाये त्याची," कोलू म्हणाला. शेवटचं झाड पडेपर्यंत तो तसाच उभा होता, ठेकेदार वळेल म्हणून वाट बघत. ठेकेदार वळला नाही. तसाच पाठमोरा आपल्या गाडीपर्यंत गेला.

पुढं अहेरीच्या बाजारात कोलू दिसला की गुणवंतराव मुद्दाम त्याच्याकडे पाठ करी आणि सगळा बाजार खो खो हसे. शेठला वाटे, लोक कोलूला हसतात. कोंबडे झुंजवणाऱ्या मुलखात पाठ दाखवणाऱ्याला काय समजतात, हे त्याला मरेपर्यंत कोणी सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही.

सुकरी मात्र त्या हसण्यात कधी नसायची. मोहाच्या दिवसांत ती टोपली घेऊन दुसऱ्या गावच्या झाडांखाली जायची, आणि तिथल्या बाया तिला शिव्या घालून हाकलून द्यायच्या.