ताईची माळ आणि धिंगरीच्या पिशव्या

मी शाळेत दहावीचं प्रात्यक्षिक घेत होते, तेव्हा वरवट बकालहून भाऊजींचा फोन आला. "शोभा, तुयी ताई गेली व..." मंदाताई, माझी सख्खी मोठी बहीण. त्याला आता महिना उलटून गेला.

ताई लग्नाआधीपासूनची माळकरी. शेजारी अंडं तळल्याचा वास आला, तरी ती ताट उचलून ओट्यावर जायची आणि आम्ही तिला 'महाराज' म्हणून चिडवायचो. आमच्याकडे माळकरी माणूस मशरूमही खात नाही, ते मटणातच धरतात. पुढे तिच्या पोटात कॅन्सर निघाला आणि मशरूममधल्या घटकांनी कॅन्सरच्या पेशी मरतात असं भाऊजींनी मोबाइलवर वाचलं, तेव्हा घरात मोठाच पेच पडला. मी विज्ञानाची शिक्षिका, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. मी सांगितलं, हे प्रयोग बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवर नाहीतर उंदरांवर झालेत. माणसाचा कॅन्सर त्यानं बरा होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, भाजी म्हणून शिजवून खाऊ द्या, पण उपचार सोडू नका. उपचार भाऊजींनी सोडले नाहीत; पण त्यांचा जीव अडकला तो त्या भाजीत.

गोठ्याशेजारच्या खोलीत त्यांनी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, उकळून पिशव्यांत भरलं, त्यात धिंगरी मशरूमचं बियाणं पेरलं, दाराला ओली पोती टांगली. पहिली भाजी शिजली त्या दिवशी ताईनं स्वतःच्या हातानं माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. मला रडूच कोसळलं. "काऊन काढली व ताई?"

"मले नाही वाटत याच्यानं काई होईन म्हनून," ती हळूच म्हणाली. "पन त्याईले वाटते ना..."

मला त्या रोगाचा, त्या मोबाइलचा, भाऊजींच्या भाबडेपणाचा, सगळ्याचाच संताप आला होता. पण रोज दोघं समोरासमोर बसून ती भाजी खायचे, आणि ताईचा घास उतरला की भाऊजींचा चेहरा उजळायचा.

ताई झिजतच गेली. अगदी शेवटी घास गिळवेना, तेव्हा ती म्हणाली, "आता माळ घालून द्या मले." माळ घातली म्हणजे भाजी बंद, आणि भाजी बंद म्हणजे... भाऊजींना ते पेलवलं नाही. "येवढ्या पिशव्या सरू दे मंदा, मंग मीच घालतो तुया गळ्यात." तिनं नुसती मान हलवली. दोन-चार दिवसांतच गेली, तशीच मोकळ्या गळ्यानं. तिला उचलताना बायांनी माळ आणून दिली, पण भाऊजींचा हात काही पुढे झाला नाही.

परवा वरवटला गेले होते. भाऊजी त्या खोलीत पिशव्यांवर पाणी मारत होते; पिशव्यांना पुन्हा नवी धिंगरी फुटली होती. मला राहवलं नाही. "भाऊजी, आता कोनासाठी?"

"पिशव्या सरल्या का माळ घालतो, असं म्हनलं होतं तिले," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "पाह्य ना शोभा, सरूनच नाही राह्यल्या..."