मनोधैर्यवाले पाद्रीसाहेब

सौदी अधिकारी दिसला की पाद्रीसाहेबांचा हात कॉलरवर जायचा. तिथं टाचलेला छोटा क्रूस झाकायला; सौदीत दुसऱ्या धर्माची खूण उघड चालत नसे. "इथं मी पाद्री नाही, मोराल ऑफिसर," ते हसून म्हणायचे. म्हणजे शिपायांचं मनोधैर्य सांभाळणारा. प्रार्थनेचं नाव 'मोराल मीटिंग'. घ्या! यांच्या अमेरिकेत देवाचं नाव घेतल्याशिवाय पुढाऱ्याचं भाषण संपत नाही, आणि इथं देवालाच टोपणनाव!

कुवेतच्या लढाईचे दिवस. दम्मामजवळच्या अमेरिकन तळावर आमची कंपनी जेवण पुरवायची. मी स्टोअर सांभाळायचो. हसतोय खरा, पण माझाही क्रूस बॅगेच्या तळाशी बनियनात गुंडाळलेला होता.

एकदा इकडंतिकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "येशूचं नाव ऐकलंय कधी?"

"साहेब, उशीर केलात. तुमच्याच देशाचे मिशनरी नगरला येऊन आमच्या पणजोबांना सांगून गेलेत. तेही मराठीतून."

"अमेरिकन माणूस मराठी बोलायचा?" पणजोबांच्या उद्धारापेक्षा त्यांना याचंच नवल.

युद्ध पेटलं आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. आई गेली. विमानं बंद, पासपोर्ट कफीलकडं, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या सौदी मालकाकडं. तिला माती द्यायला मी नव्हतो. निदान एका पाद्र्यानं माझ्याजवळ उभं राहून तिच्यासाठी प्रार्थना करावी, एवढंच मला हवं होतं.

साहेब ओशाळले. "परवानगी फक्त सैनिकांपुरती आहे. तुमची नोकरी जाईल."

मी भडकलोच. "तुमचे राष्ट्राध्यक्ष रेडिओवरून साऱ्या देशाला प्रार्थना करायला सांगतात. लढाईला देव चालतो, माझ्या आईला नाही?"

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये बटाट्याच्या पोत्यांमागं येऊन उभे राहिले. "मोराल मीटिंग," म्हणाले. "पण तुम्ही मराठीत बोला. कुणाला कळायचं नाही."

मी बोललो. आईचं नाव घेतलं आणि ढसाढसा रडलो. बाहेर बूट वाजले. साहेबांचा हात कॉलरकडं निघाला, पण माझ्या खांद्यावर येऊन थांबला. माझ्या बोलण्यातला त्यांना एकच शब्द कळला, शेवटचा. तो मात्र ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आमेन!", की मीच घाबरलो. "साहेब, हळू!"

लढाई खलास झाली, तळ उठू लागला. निघताना ट्रकमधून त्यांनी हात हलवला. कॉलरवरचा क्रूस उन्हात चमकत होता. आता झाकायची गरज नव्हती, ते घरी निघाले होते. मीही हात हलवला आणि स्टोअरमध्ये परतलो. माझा क्रूस बॅगेतच होता. मला तिथंच राहायचं होतं.