लेकीचा बुरूज

माझी लेक फ्रान्समधल्या एका लहानशा खेड्यात राहते. मोजकी घरं, एक चर्च आणि दोन गढ्या. टेकडीवरची पडकी, खालची अजून नांदती. जुनी दगडी बांधकामं दुरुस्त करायचं शिकायला ती तिकडे गेली आणि त्या पडक्या गढीच्या बुरुजाचं काम तिला मिळालं. आम्ही दोघं झाशीत, दतिया गेटजवळ. हे रेल्वेतून निवृत्त झालेले.

मागच्या वर्षी एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर तिची घरमालकीण होती, खालच्या गढीत राहणारी म्हातारी. रडत रडत भराभर फ्रेंच बोलत होती. मला त्यातलं फक्त ‘ओपिताल’, म्हणजे हॉस्पिटल, एवढंच कळलं.

"क्या हुआ? बिटिया कहाँ है?" माझ्यामागे येऊन उभे राहिलेले हे ओरडले, जणू तिला हिंदी समजणार होतं. तिने फोन फिरवला. बुरुजाची परांची कोसळून पडली होती. मग फोन बंद.

कंट्रोल रूममध्ये बसून यांनी अपघाताच्या कितीतरी बातम्या शांतपणे घेतल्या होत्या. त्या दुपारी यांना साधा फोन लावता येईना. मी लावत राहिले, कोणी उचलेना.

ऊन उतरल्यावर लेकीचाच फोन आला. "आई, मैं ठीक हूँ. पाय मोडलाय. ऑपरेशन करणार आहेत."

"मी येते."

"व्हिसा असा लगेच मिळतो का गं?"

नाहीच मिळाला. ऑपरेशननंतर म्हातारीने तिला आपल्या घरी नेलं, सूप भरवलं, केस विंचरले. फोनवर म्हातारी आणि मी एकमेकींकडे बघून नुसत्या माना हलवायचो. माझ्या जागी ती आहे याचा आधार वाटायचा, आणि तिचा रागही यायचा.

लेकीची काठी सुटली तेव्हा मी म्हटलं, "आता घरी ये. किल्ला इथेही आहे."

"आहे ना. पण तिथे मला काम कोण देणार? और ये दीवार अधूरी छोड़ दूँ?"

मी फोन यांच्या हातात दिला, वाटलं, बाप तरी रागावेल. हे म्हणाले, "परांची स्वतः तपासून मगच चढ." त्यानंतर कित्येक दिवस मी यांच्याशी धड बोलले नाही.

ती पुन्हा चढते आहे. तिचं काम सुरू होतं तेव्हा इथे आमची जेवायची वेळ होते. हे जेवून घेतात. मी माझं ताट झाकून ठेवते.