शनीला जमीन नाही

शिकलेली सून म्हणून पलूसला माझं जरा जास्तच कौतुक झालं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. मी सांगलीला मुलींच्या शाळेत शिकले होते. लग्नात आणलेल्या ट्रंकेत लुगडी दोनच होती, पण ग्रहताऱ्यांचं पुस्तक होतं.

आमचे हे लढाईवर ब्रह्मदेशाकडे होते. त्यांची साडेसाती चालू आहे, असं कुणीतरी सासूबाईंच्या मनात भरवलं. तेव्हापासून दर शनिवारी त्या देवळातल्या शनीच्या दगडावर वाटीभर करडईचं तेल ओतायच्या. लढाईमुळे तेल सहजी मिळत नव्हतं. घरात कालवणाला फोडणी बंद झाली. सासूबाई स्वतः चटणीवरही तेल घेत नसत, भाकरी पाण्याबरोबर गिळायच्या. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. खरं सांगायचं तर रागच जास्त.

एका शनिवारी मी त्यांना दारात अडवलं आणि पुस्तकातलं चित्र दाखवलं.

"आवं आत्याबाई, ह्यो बगा शनी. वाफेचा गोळा हाय. आपल्यासारख्या सातशे पृथ्व्या पोटात मावतील एवढा मोठा, पर हलका इतका की पाण्यावर तरंगंल. भोवतीचं कडं म्हंजे नुसतं बारीक खडं. त्येच्यावर पाय ठेवायला जमीनसुदिक न्हाई."

त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं. "जमीन न्हाई?"

"न्हाई."

"मग माजं त्याल कुनाच्या पायावर पडतंय?"

मी हसले. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. सासूबाईंनी वाटी फडताळात ठेवून दिली आणि त्या पुन्हा देवळाकडे फिरकल्या नाहीत. मी जिंकले होते.

महिन्याभरात तार आली. हे बेपत्ता होते. जिवंत की कसे, काहीच लिहिलं नव्हतं.

त्या शनिवारी मीच वाटी भरली, सासूबाईंच्या पाया पडले. "चला की आत्याबाई, मी बी येते संगं." मला कुणाला तरी विनवायचं होतं आणि एकटीला ते जमेना. शनीचा व्यास मला पाठ होता.

सासूबाई वाटीकडे बघत राहिल्या. आवाजात राग नव्हता.

"कुटं वतू, पोरी? तितं जमीनच न्हाई."

मी चुलीपाशी गेले आणि ते तेल फोडणीला घातलं. कितीतरी महिन्यांनी घरात फोडणीचा वास सुटला. जेवलं कुणीच नाही.