रांगेतला पाचवा

आमच्या वटारच्या शर्लीसारखं डोकं उभ्या वसईत दाखवा, पैज! थोरला भाऊ जॅक्सन दहावीनंतर केळीच्या बागेत राबला, तेव्हा कुठे ती शिकली. आता लॅबमध्ये कॉम्प्युटरवर आजाराचं मूळ हुडकते.

आजार घरचाच. चाळिशी सरली की हात थरथरायला लागतात, मग पाय, मग वाचाच बसते. पप्पा तसेच गेले. मार्गारेट आत्या त्याच वाटेवर.

पप्पा होते तेव्हाच लॅबने घरातल्या नऊ जणांचं रक्त घेतलेलं. एकेक पेशी सुटी करून तिच्यात कुठलं जनुक किती जागं आहे ते मोजलं. आजारी माणसांत शेकडो जनुकं खवळलेली. शर्ली सांगायची, "चोर एकच असतो, बाकीचे आरडा ऐकून धावलेले." म्हणून ती जन्मापासून जनुकातच असलेला फरक बघायची. तो आजाराच्या आधीचा, आजार त्याला बदलू शकत नाय.

एका भर दुपारी चोर सापडला. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका, चोर असेल तिथे लाल, नसेल तिथे निळा. नमुन्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. कोण कुठला ते तिला कळू नये, असा नियम. पहिला लाल. दुसरा लाल. तिसरा, चौथा निळे. पाचवा पुन्हा लाल, आणि पुढे लिहिलेलं: तब्येत उत्तम, कंप नाही.

शर्लीला रक्त घेतलं तो दिवस आठवला. रक्त देताना जॅक्सन ओरडलेला, "रोझरीच्या प्रार्थनेनंतर थोरांचा आशीर्वाद घेतो तशी वयाने रांग लावा! मोठ्याचा मान पहिला!" आकडे त्याच रांगेने पडलेले. तिने बोटं मोजली. पप्पा. मातीत जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांचे ठिपके लालभडक, जिते. मग आत्या, बॅप्टिस्ट काका, आई. पाचवा जॅक्सन.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून जॅक्सन ओटीवर चहा पीत होता.

"काय गं, सापडला चोर? घराण्याचं नाव काढलंस!"

"सापडला, दादा."

"मग तोंड का मयताला आल्यासारखं?"

शर्लीची नजर त्याच्या हातातल्या बशीवर. बशी जरासुद्धा हलत नव्हती. ती काय बघतेय, ते जॅक्सनला कळलं.

"मी काय बोलणार नाय," ती म्हणाली. "ऐकायचं असेल तर डॉक्टरांसमोर. नको असेल तर कधीच नको."

अंगणात त्याची सात वर्षांची पोर ब्रिटनी एकटीच लंगडी घालत होती. जॅक्सन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने बशी दोन्ही हातांनी खाली ठेवली.

"कितीला निघायचं?"