बोलका मुखवटा

"थांब, वळू नकोस."

बाईंशी बोलताना हे वाक्य कधीही अंगावर यायचं. तुम्ही आपलं सांगत असता की उद्या कचऱ्याची पिवळी पिशवी बाहेर ठेवायची आहे, आणि समोर बाई मान तिरकी करून तुमच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत असतात. तुमचं एक अक्षर त्यांच्या कानात शिरत नसतं. मग उजव्या हाताचा अंगठा हवेतल्या हवेत फिरवून त्या तुमच्या गालाचा उंचवटा चाचपायच्या, स्वतःशीच "हं" म्हणायच्या, आणि मग विचारायच्या, "हं, काय म्हणत होतीस?"

चेहरे निरखणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई निरखून थांबत नसत. काही दिवसांनी तो गाल कागदाच्या लगद्यात उतरलेला असायचा.

कायझर्सलाउटर्नमध्ये आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही तिसऱ्या. मी इथे पीएचडीला आले आणि मग एका संशोधन संस्थेत चिकटले. बाई आल्या नवऱ्याच्या नोकरीमुळे. त्याआधी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून इथली सगळी मराठी मंडळी त्यांना बाईच म्हणायची. त्यांचे यजमान मात्र काका. काका सॉफ्टवेअरमध्ये होते. जर्मन उत्तम यायचं, पण त्या अख्ख्या भाषेतला एकच शब्द त्यांच्या तोंडून वारंवार ऐकू यायचा. "काका, थंडी वाढली ना?" "गेनाऊ." म्हणजे बरोबर, अगदी बरोबर. "काका, ऑफिसात काय नवीन?" यालाही उत्तर, "गेनाऊ."

बाईंचं लहानपण जव्हारकडे गेलं होतं. तिथे बोहाडा होतो. देवदेवतांचे मोठाले मुखवटे चढवून सोंगं नाचत येतात आणि सगळं गाव ती बघायला जमतं. बाईंचे मामा ते मुखवटे रंगवायचे. कागद भिजवून कुटायचा, त्यात खळ घालायची, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घालायची, आणि तो लगदा मातीच्या साच्यावर थापायचा, हे बाई त्यांच्याच शेजारी बसून शिकल्या. जर्मनीत आल्यावर भिजवायला दारात पडणारी स्थानिक वर्तमानपत्रं मिळाली आणि मेथी आमच्या इंडियन दुकानातून. आमच्या जिन्यात सतत ओल्या मेथीचा वास असायचा. जर्मन शेजाऱ्यांना वाटायचं, भारतीय लोक रोज हीच भाजी खातात.

मुखवटे वाळायला जागा लागायची. बाईंनी ती तळघरात शोधली, सगळ्या इमारतीचे कपडे जिथे वाळतात त्या खोलीत. एका सकाळी हाउसमाइस्टर, म्हणजे आमच्या इमारतीची देखभाल करणारा उंचापुरा माणूस, दिवा लावून आत शिरला आणि समोर दोरीवर ओळीने लटकलेले चेहरे बघून असा ओरडला की मी तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली गेले. तो भिंतीला टेकून उभा होता. बाई आधीच पोचल्या होत्या. त्यांनी त्याला "एन्टशुल्डिगुंग" म्हणून माफी मागितली, आणि मग मला हळूच म्हणाल्या, "घाबरला तेव्हा भुवया कुठवर गेल्या बघितल्यास? मी फारच खाली काढल्यात."

दोरीवरचा तिसरा चेहरा त्याचाच होता. त्याच्या ते लक्षात आलं नाही, हे नशीब.

मला फार कुतूहल होतं. या बाई देव सोडून इथलीच माणसं का करतात? पोस्टमन, फार्मसीतली चष्मेवाली, बसचा ड्रायव्हर. एकदा चहा पिताना विचारलंच.

"देवांचे मुखवटे ठरलेले असतात गं," त्या म्हणाल्या. "त्यात आपण लुडबुड करायची नाही. मला माणसंच उरली."

"पण ही इथलीच का?"

"मग कुठली करू? मला यांची भाषा येत नाही. दुकानात गेले की आत शिरताना हॅलो आणि निघताना च्यूस, मध्ये काही नाही. बोलता येत नाही म्हणून बघत बसते." आणि कपातलं उरलेलं चहाचं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं.

लगद्याच्या साच्यासाठी माती हवी म्हणून काका त्यांना एका कुंभारीण आजींकडे घेऊन गेले. या आजी शहराबाहेर भट्टी चालवायच्या. भाषेचा पूल नव्हता, तरी दोघी दोन तास माती मळत बसल्या आणि काका गाडीत वर्तमानपत्र वाचत बसले. त्या आजीच दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एक हस्तकलेचा बाजार भरवायच्या. आमच्या भागात अमेरिकन सैनिकांची कुटुंबं बरीच, त्यामुळे हॅलोविन इथे बाकी जर्मनीपेक्षा जोरात. भोपळ्यांचे दिवे, चिकणमातीची घुबडं, लाकडाची वटवाघळं, आणि ती घेता घेता लोक नाताळच्या भेटवस्तूही घेऊन ठेवतात. नियम एकच होता, वस्तू हाताने केलेली हवी आणि कलाकार इथल्याच प्रदेशाचा हवा.

आजींनी बाईंचं नाव सुचवलं आणि वाद झाला. निवड करणारे तिघेचौघे आजींच्या भट्टीवरच बसायचे. त्यांच्यातल्या एका लाकूडकाम करणाऱ्या गृहस्थांनी मान हलवली. मी आणि काका बाईंबरोबर गेलो होतो, त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर घडलं.

"तसं काम सुंदर आहे," ते गृहस्थ म्हणाले. "पण हे भारतीय आहे. इथलं नाही."

काकांनी खाली बघत भाषांतर केलं. बाईंना राग आला नाही. त्यांनी पिशवीतून एक मुखवटा काढला आणि टेबलावर ठेवला. दुहेरी हनुवटी, एक भुवई वर, ओठ असे मिटलेले, जणू म्हणताहेत, सुटे पैसे नसतील तर पुढे सरका.

"कोणाचा चेहरा आहे म्हणावं?" बाईंनी काकांना सांगितलं.

काकांना विचारायची वेळच आली नाही. कुंभारीण आजी खो खो हसायला लागल्या. मग बाकीचे. स्टेशनजवळच्या बेकरीत सकाळी ब्रेड देणारी बाई होती ती. सगळे वर्षानुवर्षं तिच्याकडून बोलणी खात आले होते. लाकूडवाल्या गृहस्थांनी मुखवटा हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला आणि कपाळावर हात मारला. "हिच्याइतका इथला तर मीसुद्धा नाही," ते म्हणाले. बाईंना टेबल मिळालं.

त्यानंतर सप्टेंबरात एका सकाळी चहा पिताना काकांच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा शर्टवर सांडला. आरशात बघितलं तर उजवी बाजू लोंबलेली. भुवई हलेना, डोळा मिटेना. आम्ही ॲम्ब्युलन्स बोलावली. पक्षाघात नव्हता. चेहऱ्याची नस सुजली होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं सुधारतं, वेळ लागतो, किती ते सांगता येत नाही. तोवर डोळ्यात सारखे थेंब घालायचे.

काका घरात बसले ते बसलेच. ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद. दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत. मी वर-खाली करताना त्यांचं दार वाजवायचे, तर बाई अर्धं दार उघडून बोलायच्या. जो माणूस आधीच कमी बोलायचा त्याचे आता प आणि फ हे उच्चारही ओठांतून सांडायचे, आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

बाजार जवळ आला. बाईंना जर्मन येत नव्हतं, म्हणजे गिऱ्हाइकांशी काकांनीच बोलायचं ठरलं होतं. बाईंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, टेबल सांभाळशील का, असं विचारणार. पण विषय निघाल्यावर आतून काकाच बाहेर आले. मफलर नाकापर्यंत.

"मला एक मुखवटा करून दे," ते बायकोला म्हणाले. "हॅलोविनच आहे. कोणी विचारणार नाही."

"लपायला मुखवटा नाही करत मी," बाई म्हणाल्या.

मला ते कठोर वाटलं. काकांनी मफलर आणखी वर ओढला. बाई मात्र त्यांच्यापुढे खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, आमच्याकडे मुखवटा चढवला की माणूस लपत नाही. दुसरा कोणी होतो. मामा आधी विचारायचा, काय होणार? तुम्ही सांगा, काय होणार?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीच्या काचेवरची पानं काढत होतं.

"बोलका," काका म्हणाले. "बोलका माणूस होईन."

बाईंनी तो मुखवटा केला. फुगलेले गाल, हसून मिटत आलेले डोळे, आणि तोंड एवढं मोठं की त्यातून आवाज मोकळा बाहेर पडावा. आतून जुन्या साडीचं मऊ अस्तर, उजव्या डोळ्याला घासू नये म्हणून तिथे जास्त जागा.

बाजाराच्या दिवशी मी माझ्या मुलीला, ईराला, घेऊन गेले. ती चेटकीण झाली होती. टेबलाजवळ पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. काका बोलत होते! हाउसमाइस्टरचा मुखवटा वर धरून सांगत होते की हा भित्रा आहे, रात्री टांगू नका, दचकेल. बसड्रायव्हरबद्दल सांगत होते की हा घरात लावलात तर सगळं वेळेवर होईल, फक्त तोंडावर दार बंद करेल. शब्द अडखळत होते, पण त्या तोंडाला ते शोभत होतं. लोक हसत होते, थांबत होते. बाई शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या, जणू या माणसाशी आपली नुकतीच ओळख झाली आहे.

मध्ये मध्ये त्या म्हणायच्या, "अहो, थेंब." मग काका टेबलामागच्या पडद्याआड जायचे, मुखवटा काढायचे, बाई डोळ्यात औषध घालायच्या.

अशाच एका वेळी ईरा पडद्याखालून आत घुसली. मी तिला धरायला गेले तोवर उशीर झाला होता. काका उघड्या चेहऱ्याने स्टुलावर बसले होते आणि ईरा समोर उभी राहून बघत होती. मी मराठीत म्हटलं, "ईरा, चल बाहेर." तिने नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"टुट दास वे?" तिने काकांना विचारलं. दुखतं का?

काकांनी नाही अशी मान हलवली.

"शिट्टी वाजवता येते?" हेही तिने जर्मनमध्येच विचारलं.

"आता नाही येत," काका मराठीत म्हणाले.

"इश आऊख निश्ट," म्हणजे मलाही नाही, असं म्हणून ईराने ओठ वर करून दाखवला. पुढचे दोन्ही दात पडले होते. मग दोघांनी मिळून प्रयत्न केला. दोघांच्याही तोंडातून नुसती हवा आली, एकाची कडेने, एकीची मधून. ईरा खिदळायला लागली. काकांचा अर्धा चेहरा हसला. बाईंच्या हातात औषधाची बाटली तशीच उघडी होती.

आणि नेमकं तेव्हाच बाहेरून कोणीतरी हाक मारली. एक अमेरिकन बाई होती. तिला तोच मुखवटा हवा होता, मघाशी विक्रेत्याने घातलेला. तिचे सासरे दिवसभर बडबड करतात, नाताळला त्यांना द्यायचा होता.

"तो विकायचा नाही," मी घाईने सांगितलं.

बाईंनी काकांकडे बघितलं. "अहो, द्यायचा?"

मुखवटा काकांच्या मांडीवर होता. त्यांनी अस्तरावरून एकदा हात फिरवला. मग उठले, पडदा बाजूला केला आणि तसेच, उघड्या चेहऱ्याने, टेबलापाशी जाऊन उभे राहिले. ती बाई क्षणभर चपापली. काकांनी मुखवटा कागदात गुंडाळला, वर दोरी बांधली आणि तिला समजावून सांगितलं की दमट जागी ठेवू नका, नाक मऊ पडेल. सांगताना दोनदा अडखळले. दुसऱ्यांदा थांबून तो शब्द परत म्हणाले.

ती गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "वारा आहे. टोपी घाला." आणि स्वतःच त्यांच्या कानांवर टोपी ओढली. संध्याकाळपर्यंत काका तसेच उभे राहून विकत होते.

चेहरा हळूहळू सुधारला, पूर्ण नाही. हसू थोडं डावीकडे जायचं. पुढे काकांनी लवकर निवृत्ती घेतली आणि दोघं नाशिकला परत गेले. आता बाजारात त्यांच्या जागी एक मेणबत्तीवाला बसतो. कुंभारीण आजी मला बघितलं की अजून विचारतात, "तुमच्या बाई पुन्हा कधी येणार?" मी खांदे उडवते. आमच्या जिन्याला आता फक्त साबणाचा वास येतो.

मला त्या दोघांचं आठवतं ते स्टेशनवरचं. फ्रँकफुर्टची गाडी उशिरा होती. सामानावर बसून आम्ही ब्रेत्सेल, म्हणजे वर जाडं मीठ लावलेले पाव, खात होतो. फलाट बदलल्याची घोषणा झाली आणि बाई मला घाईघाईने विचारत होत्या, कुठला म्हणाली, तीन की पाच? बोलता बोलता, माझ्याकडेच बघत, त्यांचा हात शेजारी गेला आणि काकांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातले मिठाचे कण त्यांनी अंगठ्याने टिपले. काकांनीही खाणं थांबवलं नाही, फक्त चेहरा थोडा त्यांच्याकडे केला. मग दोघांनी एकेक बॅग उचलली आणि जिन्याकडे चालू लागले.