झाकणाची तिफण

वसमतला शेतीऔजारांच्या एका कारखान्यात मी नवीन लागलो, तेव्हाची गोष्ट. सत्तरचं दशक होतं. कारखानदारांना नवी तिफण, तीन नळ्यांचं पेरणीचं औजार, काढायची होती. म्हणाले, "चित्र मागाहून. आधी गावात विचार, तिनं कायकाय केलं पाहिजे. वस्तू लिहू नको, काम लिही. 'डबा' नको, 'बी धरून ठेवणं' लिही. मोठं काम वर, त्याच्या पोटातली खाली."

कुरुंद्याच्या एका शेतकऱ्यानं पहिलंच काम सांगितलं, "बी पेरणारीच्या ओटीत जाऊ नये. झाकणाचा डबाच करा."

त्याच्याकडे वर्षानुवर्षं मूठ धरून पेरणारी मावशी तिथंच होती. "साहेब, झाकू नका. नळी चिखलानं तुंबली की भोकाशी बी साचतं, ते दिसाया पायजे."

"काहून दिसाया पायजे, ते ठावं हाय आमाला!" तो हसला.

मलाही तिचा संशय आला. उघड्याचा एवढा आग्रह कशाला? 'नळी तुंबल्याचं कळणं' मी लिहिलं होतं, त्यावर रेघ मारली. चोरी रोखणं सगळ्यात वर नेलं.

रब्बीची ज्वारी त्याच शेतकऱ्याच्या रानात झाकणाच्या डब्याच्या नमुना तिफणीनं पेरली. शेवटी झाकण उघडलं, तर तिसरा हिस्सा बी शिल्लक.

"बघा! दर साली एवढं हिच्या ओटीत जात व्हतं!" तो चार माणसांदेखत ओरडला.

मावशीनं ओटी सोडून झटकली. "आज तर म्या हातबी लावला न्हाई. नळ्या बघा, साहेब."

मी वाकलो. मधल्या नळीत बोट घातलं. चिखल गच्च बसला होता. पण तसं म्हटलं असतं, तर रेघ कुणी मारली हेही निघालं असतं. बोट पँटीला पुसलं आणि म्हणालो, "नळ्या साफ आहेत."

आठ दिवसांनी ज्वारी उगवली. पेरणीच्या ओळींत दोन तासं हिरवी, तिसरं रिकामं, रानाच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. शिल्लक बी आणि रिकामं तास, कुणीही जोड लावली असती. पण नळ्या साफ होत्या, खुद्द साहेबांनी बघितल्या होत्या. "मंग हिनंच रागानं कोंब उपटले," शेतकरी म्हणाला. गावाला ते पटलं. त्यानंतर तिच्या मुठीत कुणी बी दिलं नाही.

मी नवी यादी केली. त्यात 'नळी तुंबल्याचं कळणं' पुन्हा लिहिलं, या वेळी वरच्या बाजूला. कारखानदारांनी त्यावर बोट ठेवलं. "हे अगदी बराबर. कुणी सुचवलं?"

"मलाच सुचलं," मी म्हणालो.